परतल्यावरचा पहिला आठवडा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक काल रात्री शांतपणे वाचलं. मी घरी पोहोचल्याच्या दुसऱ्याच पहाटे साडेपाचला चढावरचे इंटरव्हल (थोडं जोरात धावायचं, थोडा दम घ्यायचा, असे फेरे), शनिवारी दौऱ्याआधी उचलत होते तेवढ्याच वजनाचे स्क्वॉट आणि रविवारी लांब पल्ल्याची धाव. शर्यतीला उरलेले आठवडे मोजून, माझा बुडालेला सराव तू पुढच्या दिवसांत वाटून दिला आहेस. त्यामागची तुझी तळमळ मला कळते. आपण दोघींनी मिळून २१ किलोमीटर धावायचं ठरवलंय आणि ऐन तयारीत मी परदेशात येऊन बसले, याची रुखरुख तुझ्या प्रत्येक फोनमध्ये ऐकू येते.

पण हे वेळापत्रक मला बदलून हवं आहे. फोनवर बोलणं तुटक होतं, अर्ध्यात कुणीतरी हाक मारतं, म्हणून लिहूनच सांगते. शिवाय पुढच्या वर्षी तुझीही नोकरी फिरतीची होणार. तेव्हा हे सगळं तुलाही लागेल.

आधी इकडचं. प्रदर्शनाचे दिवस फार धावपळीचे गेले. दालन उघडायच्या तासभर आधी स्टॉलवर हजर व्हायचं, नमुने मांडायचे, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं. कोण खरं गिऱ्हाईक आणि कोण नुसता बघ्या हे दोन मिनिटांत ओळखावं लागतं आणि दोघांशीही सारख्याच आदराने बोलावं लागतं. संध्याकाळी दालन बंद झालं की खरेदीदारांबरोबर बैठक, बैठकीनंतर जेवण, जेवणानंतर हॉटेलच्या खोलीत येऊन दिवसभराच्या टिपणांवरून कचेरीला ईमेल. तुमचं घड्याळ माझ्यापेक्षा सात तास पुढे. मी दिवा मालवते तेव्हा तिकडे तुमचं उजाडत असतं. प्रदर्शन संपल्यावर कारखान्यांच्या भेटी सुरू झाल्या. रोज वेगळं गाव, वेगळं हॉटेल, वेगळी उशी. कराराच्या मसुद्यावरची शेवटची बोलणी अजून व्हायची आहेत.

मला हे काम आवडतं, हे तुला ठाऊक आहे. ज्या माणसांशी वर्षभर नुसता पत्रव्यवहार असतो त्यांच्यासमोर बसून बोलल्यावर जे सुटतं, ते शंभर ईमेलांनी सुटत नाही. म्हणून या दौऱ्याकडे व्यायामाच्या आड आलेली अडचण म्हणून मी बघत नाही, आणि तूही बघू नयेस असं मला मनापासून वाटतं. मी धावते, वजनं उचलते, ते अशा दिवसांत ताठ उभं राहता यावं म्हणूनच. या प्रदर्शनात संध्याकाळी सहालाही माझा आवाज आणि डोकं जागेवर होतं. ते तू मला पहाटे अंथरुणातून ओढून बाहेर काढलंस त्या सगळ्या दिवसांचं फळ आहे.

उभं राहण्यावरून एक सांगते. दिवसभर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. चालताना पोटरीचा स्नायू दर पावलाला आवळतो आणि पायांतल्या शिरांमधलं रक्त वर ढकलतो. त्या शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्यामुळे वर गेलेलं रक्त परत खाली येत नाही. माणूस नुसता उभा राहिला की ही ढकलण्याची क्रिया जवळजवळ थांबते, रक्त आणि पाणी खाली साचतं, संध्याकाळी घोटे सुजतात. त्यातून आमच्या स्टॉलखाली पातळ गालिचा आणि त्याच्याखाली काँक्रीट. म्हणून मी दर थोड्या वेळाने टाचा उचलून खाली ठेवत होते, एका पायावरून दुसऱ्यावर भार देत होते, आणि कुणी नसलं की दालनाच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होते. पहिल्या दिवसानंतर बूटही बदलले. दौऱ्यावर जाशील तेव्हा कपड्यांआधी बुटांचा विचार कर.

आता सरावाचं. तुला वाटतंय तसं मी सगळं सोडून दिलेलं नाही. पण जे केलं ते फार थोडं आणि ठरवून केलं. याला आधार आहे. शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या सुमारास काही प्रयोग केले होते. आधी लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. मग काहींचे दिवस सहावरून चारवर आणले, काहींचे थेट दोनवर, आणि असे पंधरा आठवडे चालवले. जोर तोच ठेवला होता, तर दोनच दिवस करणाऱ्यांचीसुद्धा प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. दुसऱ्या प्रयोगात दिवस सहाच ठेवले, पण वेळ ४० मिनिटांवरून २६ आणि १३ मिनिटांवर आणला. तरीही ती क्षमता टिकली. मात्र वेळ आणि दिवस तेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा ती घसरली.

याचा अर्थ माझ्यासारख्या फिरतीवरच्या बाईला सोन्यासारखा आहे. वेळ कापता येतो, दिवस कापता येतात, जोर मात्र कापायचा नाही. म्हणून रोज अर्धवट मनाने अर्धा तास सावकाश ट्रेडमिलवर घालवण्याऐवजी मी आठवड्यातून दोनदा जिना धरला. हॉटेलचा जिना. पाच मिनिटं सावकाश चढउतार, मग चार-पाच वेळा दम लागेपर्यंत जोरात चढणं, उतरताना आरामात, शेवटी खोलीत पुश-अप आणि एका पायावरचे स्क्वॉट. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत. एक काळजी घ्यायची: बऱ्याच हॉटेलांत आगीच्या वेळी वापरायच्या जिन्याची दारं आतल्या बाजूने मजल्यावर उघडत नाहीत, थेट तळमजल्यालाच बाहेर पडावं लागतं. आत शिरण्याआधी दार तपासायचं, आणि स्वागतकक्षात विचारून ठेवायचं की या जिन्याने चाललं तर चालेल का.

जिन्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असत आणि वाहक तिकिटं द्यायला दिवसभर वर-खाली करत. जेरी मॉरिस यांनी या दोघांच्या हृदयविकाराची तुलना करून १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. वाहकांमध्ये तो आजार चालकांपेक्षा बराच कमी निघाला. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकड्यांत मांडणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. त्या वाहकांनी व्यायाम म्हणून काहीच वेगळं केलेलं नव्हतं. विमानतळावर सरकता पट्टा सोडून शेजारून चालताना मला ती माणसं आठवतात.

बाकी सगळा वेळ मी झोपेला दिला, आणि याबद्दल माझं मत फार ठाम आहे. आमच्यातले एक सहकारी रात्री एकला झोपून चारला उठून ट्रेडमिलवर धावत होते. माणूस गुणी, जिद्दी. पण तिसऱ्या दिवशी आकड्यांच्या कागदावर त्यांची नजर ठरत नव्हती, आणि पुढे सर्दीने आडवे झाले. मला त्यांचं वाईट वाटलं. स्नायू व्यायामाच्या वेळी घडत नाहीत, नंतरच्या विश्रांतीत घडतात. झोप कापून केलेला व्यायाम म्हणजे नांगरून ठेवलेल्या शेताला पाणी न देणं. म्हणून ज्या दिवशी सहा तासांपेक्षा कमी झोप होणार हे दिसत होतं, त्या दिवशी मी जिना रद्द केला आणि त्याबद्दल मनाला काहीही लावून घेतलं नाही. कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या बैठकीत प्यायलेल्या कपातलं अर्धं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. संध्याकाळी सगळ्यांबरोबर हातात काहीतरी हवंच असतं, मी गरम पाणी मागते.

जेवणाचा मात्र ताळमेळ बसला नाही, ते लपवत नाही. रात्री उशिरा, जड, आणि समोरच्याचा मान राखून. एवढंच सांभाळलं की न्याहारी भरपूर आणि प्रथिनांची.

आता मूळ मुद्दा. तुला भीती आहे की सगळं गेलं. किती गेलं असेल ते आपण जरा शांतपणे बघू.

एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या धावपटू-सायकलपटूंना सराव पूर्ण थांबवायला सांगितलं होतं. पहिल्या २१ दिवसांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांपर्यंत ती १६ टक्क्यांनी घटून तिथेच थांबली. लक्षात घे, त्यांनी सगळंच थांबवलं होतं. मी थांबवलेलं नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला जे जातं ते काय असतं. सरावाने रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढलेला असतो. सराव थांबला की काही दिवसांतच तो कमी होतो. रक्त कमी, म्हणून हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून तेच अंतर त्याच वेगाने धावताना ठोके जास्त पडतात आणि दम लवकर लागतो. कॉयल यांनीच पुढच्या प्रयोगात सराव सुटलेल्यांच्या शिरेतून द्रव देऊन रक्ताचं आकारमान तात्पुरतं वाढवलं, तर गेलेल्या क्षमतेचा बराचसा भाग तिथल्या तिथे परत आला. सुरुवातीचा तोटा असा पुष्कळसा पाण्याचा असतो. आणि हा द्रव सराव सुरू केल्यावर काही दिवसांतच पुन्हा भरायला लागतो, त्यासाठी स्वतःला मारून घ्यावं लागत नाही.

ताकदीचं तर त्याहून चांगलं. दोन-तीन आठवड्यांत स्नायूंची ताकद फारशी हलत नाही. शिवाय स्नायूला आठवण असते असं आपण म्हणतो, त्यालाही काही आधार सापडला आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की स्नायू वाढताना त्याच्या तंतूंमध्ये जी नवी केंद्रकं, म्हणजे पेशीचं काम चालवणारे गाभे, येतात, ती स्नायू बारीक झाल्यावरही बराच काळ टिकतात. माणसाच्या बाबतीत यावर अजून वाद चालू आहे. पण एकदा कमावलेलं दुसऱ्यांदा लवकर येतं, हे वजनं उचलणाऱ्या कुणालाही विचार.

मला सगळ्यात जास्त धीर ज्या प्रयोगाने दिला तो अमेरिकेतल्या डॅलसचा. १९६६ मध्ये वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली होती. मग त्यांच्याकडून सुमारे दोन महिने सराव करून घेतला, आणि ती भरून तर निघालीच, मूळच्याही वर गेली. गोष्ट इथे संपत नाही. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं. मधल्या काळात वजनं वाढलेली, आयुष्यं बदललेली. आणि दिसलं असं की तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जास्त केलं होतं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला सराव दिला. चालणं, सावकाश धावणं, सायकल. पन्नाशीतले ते पाचही जण सरासरीने त्यांच्या विशीतल्या मूळ क्षमतेपर्यंत परत पोहोचले.

पाचच माणसं होती, त्यावरून जगाचा नियम काढता येत नाही. पण मीही पन्नाशीत आहे, आणि हा प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यातलं मला भिडतं ते ‘हळूहळू वाढवत नेलेला’ एवढंच. सहा महिने! त्या लोकांनी पहिल्या रविवारी लांब पल्ला धावून टाकला नाही.

म्हणून वेळापत्रकाबद्दल माझं म्हणणं असं. बुडालेला सराव वसूल करायचा नाही. तो गेला, त्याच्या जागी दुसरं काहीतरी झालं, विषय संपला. दौरा नसता तर मी ज्या आठवड्यात असते तिथे उडी मारून पोहोचायचं नाही. आज अंग जिथे आहे तिथून निघायचं. शर्यतीला अजून पुरेसा अवकाश आहे. नसता, तर मी शर्यत सोडली असती, घाई केली नसती.

आणि पहाटेचं साडेपाच तर पहिला आठवडाभर अजिबात नको. याचं कारण नीट वाच, कारण हे सहसा कुणी सांगत नाही.

आपल्या शरीरातलं घड्याळ २४ तासांचं नसतं. हार्वर्डमध्ये १९९९ साली झालेल्या मोजणीत ते सरासरी २४ तास आणि दहा-अकरा मिनिटांचं निघालं. थोडं लांब असल्यामुळे त्याला दिवस लांबवणं सोपं जातं आणि आखडणं अवघड. पश्चिमेला येताना दिवस लांबतो, म्हणून इथे आले तेव्हा मला विशेष जड गेलं नाही. परत येताना मी पूर्वेला येणार, घड्याळ सात तास पुढे ढकलावं लागणार, आणि ते दिवसाला साधारण तासाभरापेक्षा फार जास्त सरकत नाही.

ते सरकतं मुख्यतः उजेडाने. रोजच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, त्याआधी पडलेला मागे ढकलतो. इथे माझा तो क्षण पहाटे चारच्या सुमाराचा. घरी पोहोचल्यावर तोच क्षण येणार सकाळी अकराला. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत मी पहाटे तुझ्याबरोबर चढावर धावले आणि उगवतीचं ऊन घेतलं, तर माझं घड्याळ नेमकं उलट्या दिशेला जाईल. शिवाय घरातले साडेपाच म्हणजे माझ्या शरीराचे रात्रीचे साडेदहा. झोपेला आलेल्या स्नायूंनी, पेंगुळलेल्या डोळ्यांनी अंधारात उतारावर पाय टाकायचा, हे मला धोक्याचं वाटतं. घोटा मुरगळला तर दीड महिना गेला.

तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी मी घरातच, पडदे ओढून. बाहेर पडावंच लागलं तर काळा चष्मा. अकरानंतर मात्र उन्हात, आणि दुपारी तुला वेळ असला तर दोघी जाऊ चालायला, भरभर, चाळीसेक मिनिटं. त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी हीच वेळ तासभर अलीकडे आणू आणि सावकाश धावू, बोलता येईल इतक्याच वेगाने. मग रोज तासाने अलीकडे. साधारण आठवड्याभरात मी पुन्हा तुझ्या पहाटेला पोहोचेन. दुपारी झोप अनावर झाली तर वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत. या सगळ्या दिवसांत माझ्या मनगटावरच्या घड्याळात दिसणारे हृदयाचे ठोके बघून तू घाबरू नकोस. नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त पडतील, ते वर सांगितलेल्या रक्तद्रवामुळे आणि झोपेमुळे. मी वेग कमी करून ठोके जागेवर ठेवेन, ठोके सोडून वेग पकडणार नाही.

वजनांचं तर मला तुझ्यासाठीच सांगायचं आहे, कारण तू उत्साहाच्या भरात सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जुना आकडा लावतेस. स्नायू दोन आठवड्यांत कमजोर होत नाही, पण ओळख विसरतो. खाली बसताना, उतारावर उतरताना स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दोन दिवसांनी जे अंग ठणकतं ते यामुळे. नियमित सराव असला की तेच काम करूनही ठणकत नाही, कारण स्नायू त्याला सरावलेला असतो. खंड पडला की ते संरक्षण कमी होत जातं. म्हणून पहिल्या दिवशी निम्म्याच्या थोडं वरचं वजन, संच निम्मे, आणि प्रत्येक संचात अजून तीन-चार बैठका सहज झाल्या असत्या अशा ठिकाणी थांबायचं. कमी वाटलं पाहिजे. एक-दोन आठवड्यांत जुनं वजन आपसूक हाताशी येतं. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, स्नायूंपेक्षा फार सावकाश बदलतात, आणि ते दुखायला लागेपर्यंत काही सांगत नाहीत.

आणि एक गंभीर गोष्ट, मैत्रिणींनाही सांग. मोठ्या खंडानंतर एकदम टोकाचा व्यायाम केला तर क्वचित स्नायू इतका मोडतो की त्यातलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतं. अंग असह्य दुखणं, सूज आणि गडद, चहाच्या रंगाची लघवी ही त्याची खूण. तसं दिसलं तर घरी पडून राहायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

तू मला विचारशील, एवढं सावकाश करून आपण तयार होऊ का? १९५४च्या वसंतात रॉजर बॅनिस्टर चार मिनिटांच्या आत मैल धावायची तयारी करत होता. वैद्यकीचा विद्यार्थी, वेळ बेताचा. पाव-पाव मैलाचे दहा इंटरव्हल ६१ सेकंदांवर येऊन अडकले होते, काही केल्या खाली जाईनात. तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार ख्रिस ब्रॅशर धावणं सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या कड्यांवर चढाई करायला निघून गेले. परतल्यावर तेच इंटरव्हल ५९ सेकंदांत झाले. ६ मे रोजी ऑक्सफर्डला त्याने ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला. मी बॅनिस्टर नाही, आणि माझा दौरा ही काही चढाई नाही, दमणूकच आहे. पण आपण गेले कित्येक आठवडे न थांबता सराव वाढवत होतो. निघण्याआधी माझी उजवी टाच सकाळी उठल्या उठल्या दुखायची, ते तुला मी सांगितलं होतं. ती आता दुखत नाही. धावण्यातून मिळालेली ही सुट्टी तिला हवी होती, असं मला वाटतं.

परतीच्या विमानाची काळजी करू नकोस. विमानात हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात, आणि हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहीन. चार तासांहून लांब प्रवासात हालचालीशिवाय बसून राहिलं तर पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका दुप्पट-तिप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अभ्यासात आहे. तरीही निरोगी माणसाला तो सहा हजारांत एक एवढाच. मी मार्गिकेशेजारची जागा मागून घेतली आहे, म्हणजे कुणाला न उठवता फिरता येईल. मात्र नंतर कधीही एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर ती व्यायामाची समजून चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. हे तू तुझ्यासाठीही लक्षात ठेव.

पुढच्या वर्षी तू अशा दौऱ्यावर निघशील तेव्हा मी तुला सरावाबद्दल एकही प्रश्न विचारणार नाही. झोपलीस का आणि काम मनासारखं झालं का, एवढंच विचारेन. कामावर असशील तेव्हा पूर्ण कामावर राहा. तिथल्या माणसांची नावं लक्षात ठेव, त्यांचं ऐकून घे, संध्याकाळच्या जेवणाला खोलीतल्या व्यायामाचं कारण सांगून टाळू नकोस. शक्य झालं तर दोनदा जिना चढ. नाही झालं तर नाही.

आता वेळापत्रक पुन्हा मांडून पाठव. पहिल्या आठवड्यात चढ नको, लांब धाव दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ठेव, आणि तीही निघण्याआधीच्या शेवटच्या लांब धावेपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. तुझा स्वतःचा सराव माझ्यासाठी अडवू नकोस, पहाटे तू तुझी जा. विमान भल्या पहाटे उतरतं, तेव्हा मला घ्यायलाही येऊ नकोस. माझी मी येईन. उद्या सकाळी कराराची बैठक आहे, म्हणून आता झोपते.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या बुटांचा तळ निघण्याआधीच झिजलेला दिसत होता. नवे घेतले नसशील तर याच आठवड्यात घे, आणि पहिले काही दिवस छोट्याच धावांना घाल.